आईच्या नावापुढची खूण

माझ्या बहिणीचा, आक्काचा फोन येतो तो आमच्याकडे दिवेलागणीला, तिच्याकडे सकाळचा चहा नुकता झालेला असतो तेव्हा. वर्षातले काही महिने ती न्यू जर्सीत, एडिसनला मुलाकडे असते आणि उरलेले महिने देवगडला, आपल्या हापूसच्या कलमांत. एरवी फोनवर आधी पाऊस, मग कलमे, मग गावातली आजारपणे असा क्रम ठरलेला. त्या दिवशी मात्र तिने थेट सुरुवात केली. "ह्या माज्या झिलाक काय अक्कल नाय गो. माका न इचारता माज्या नावापुढे खूण करून मोकळो!" प्रकार असा झाला होता. अमेरिकेच्या जनगणना खात्याचे एक सर्वेक्षण सतत चालू असते. दरवर्षी सुमारे 35 लाख पत्त्यांवर त्याचा फॉर्म जातो आणि तो भरून देणे कायद्याने बंधनकारक असते. या वेळी तो त्यांच्या पत्त्यावर आला. दोन महिन्यांहून अधिक काळ घरात राहणारा माणूस त्यात धरायचा असतो, त्यामुळे आक्काही धरली गेली. रात्री जेवणे आटोपल्यावर भाचा लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसला आणि घरातल्या एकेकाच्या नावाने उत्तरे भरू लागला. आक्का शेजारीच दुसऱ्या दिवशीच्या भाजीचा घेवडा मोडत होती. ही व्यक्ती घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलते का? बोलत असेल तर कोणती? आणि ही व्यक्ती इंग्रजी किती चांगले बोलते? या शेवटच्या प्रश्नाला चार उत्तरे दिलेली असतात: फार चांगले, चांगले, फारसे चांगले नाही, अजिबात नाही. भाच्याने तिसऱ्या उत्तरापुढे खूण केली. आक्काने मान वळवून पडद्यावरचे इंग्रजी वाचले, आणि वाचता आले म्हणूनच तिला राग आला.

भाच्याचे म्हणणे मी नंतर ऐकून घेतले. तो समंजस मुलगा आहे. "मावशी, मी खरं तेच लिहिलं. डॉक्टरकडे मलाच जावं लागतं ना तिच्याबरोबर? अशा आकड्यांवरूनच तिकडे कुठे दुभाष्याची सोय करायची ते ठरतं. उगाच 'फार चांगले' लिहून कुणाचं भलं होणार आहे?" त्याच्या म्हणण्यात खोट काढता येत नाही. तिथल्या हिशेबात 'फार चांगले' सोडून उरलेली तिन्ही उत्तरे एकाच बाजूला जमा होतात. 'चांगले' म्हणणाऱ्यालाही इंग्रजीची अडचण असलेला माणूस असेच धरले जाते. मतदानाचे कागद आणखी कोणत्या भाषेत छापायचे यासारख्या गोष्टी ठरवताना हे आकडे वापरले जातात. म्हणजे खूण करणाऱ्याने आईला कमी लेखलेले नसते, झालाच तर तिच्यासाठी एका सोयीचा अर्ज केलेला असतो. हे सगळे मी आक्काला समजावून सांगितले. तिने ते ऐकले आणि म्हणाली, "ता सगळा खरा. पण माका इचारूक काय झाला होता त्येका?"

आक्काच्या इंग्रजीविषयी मला थोडे सांगितलेच पाहिजे, कारण ते कोणत्याही चौकोनात बसवणे कठीण आहे. ती अकरावी मॅट्रिक. भावोजी गेल्यानंतर कलमांचा सगळा व्यवहार तिने अंगावर घेतला. फवारणीच्या औषधांच्या बाटल्यांवर बारीक अक्षरांत छापलेले प्रमाण ती चष्मा कपाळावर सरकवून वाचते आणि गड्याला मालवणीत सांगते, की पंपाला इतके झाकण, जास्त नको. पावसाळ्यात कलमांच्या बुंध्याशी कल्टार हे मोहोर आणणारे औषध घालायचे झाले, की झाडाच्या विस्ताराप्रमाणे मात्रा किती हे ती पत्रकावरून स्वतः काढते. वाशीच्या दलालाकडून विक्रीच्या हिशेबाची पट्टी आली, की तिच्यातली अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी आद्याक्षरे तिला माझ्यापेक्षा लवकर लागतात, आणि हमाली, तोलाई यांत दोन रुपये इकडचे तिकडे झाले तर ती ते हुडकून काढते. यांतले काहीही तिला इंग्रजीत बोलून दाखवायला सांगा, ती गप्प होईल. एडिसनला शेजारी राहणारी बाई घरी स्पॅनिश बोलते. दोघींनी मिळून कुंपणालगत मिरची आणि कोथिंबीर लावली आहे आणि त्या बागेपुरते त्यांचे एक इंग्रजी तयार झाले आहे, ज्यात क्रियापदे जवळजवळ नाहीत. त्या बाईच्या घरी फॉर्म गेला असता, तर तिच्याही नावापुढे बहुधा तिसरीच खूण पडली असती, आणि तीही तिच्या मुलानेच केली असती.

फोन ठेवताना आक्काने आणखी एक गोष्ट विचारली, ती माझ्या मनात राहून गेली. नातवंडांच्या नावापुढे 'घरी मराठी' आणि 'इंग्रजी फार चांगले' असे भाच्याने लिहिले होते. "पण त्येंका मराठी कितीशी येता, ता खंय लिवचा?" ते कुठेच लिहायचे नसते. घरच्या भाषेचे नाव विचारतात. ती किती येते, हे विचारत नाहीत. मोठी नात आजीला सगळे इंग्रजीत सांगते आणि मध्ये कुठे तरी 'आजी, पाणी' एवढे मराठी घालते, तरी कागदावर ती मराठी बोलणारी. उलट धाकटा नातू आजीच्या मांडीवर वाढल्यामुळे आजीशी चक्क मालवणीत भांडतो. 'माका नको', 'तू जा थंय' हे त्याच्या तोंडून ऐकताना फोनवरही हसू आवरत नाही. पण तो अजून पाच वर्षांचा झालेला नाही, आणि भाषेचे प्रश्न पाच वर्षे आणि त्यापुढच्यांनाच असतात. त्या घरात मालवणी फाडफाड बोलणारा जो एकमेव अमेरिकन आहे, त्याला भाषाच नाही.

मी स्वतः असे रकाने भरलेले आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते आणि 2011 च्या जनगणनेत प्रगणक म्हणून एक खाडीकाठचे गाव माझ्याकडे आले होते. 9 ते 28 फेब्रुवारी ही गणनेची मुदत. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी फिरायचे. फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे मोहोर गळून कणी धरण्याचे दिवस, दुपारी जांभा तापून पायाखालून झळा येतात आणि माणसे घरात सापडत नाहीत. फॉर्म यंत्राने वाचला जाणार असल्यामुळे आकडे चौकोनाला न चिकटता, ठरवून दिलेल्या वळणाने काढायचे, याचा आम्हाला प्रशिक्षणात धाक घातला होता. दहावा प्रश्न मातृभाषेचा होता आणि अकरावा येत असलेल्या इतर भाषांचा, त्यात जास्तीत जास्त दोन. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई मुलाशी जी बोलत असे ती, आई लवकर गेली असेल तर लहानपणी घरात मुख्यतः बोलली जाणारी. सूचनापुस्तिकेतल्या काही सूचना मला फार सुज्ञपणाच्या वाटल्या होत्या. सांगितलेले नाव ही भाषा की कुठल्या भाषेची बोली, हे ठरवत बसू नका; सांगतील ते लिहा. भाषेचा आणि धर्माचा संबंध जोडू नका. एकाच घरातल्या प्रत्येकाची मातृभाषा वेगळी असू शकते, म्हणून प्रत्येकाची वेगळी विचारा.

प्रत्यक्षात काय होई? ओटीवर घरातला कर्ता पुरुष बसे, त्याच्यापुढे मी. मातृभाषा विचारली, की तो माझ्याकडे अशा नजरेने पाही, की ही बाई शिकलेली असून असे काय विचारते. "मराठीच लिवा. दुसरा काय असताला?" हे उत्तर तो मालवणीत देई. मी मराठी लिही. पुढच्या घरी गाबीत या मच्छीमार समाजातले एक वृद्ध तांडेल जाळ्याची वीण दुरुस्त करत बसलेले. त्यांचेही उत्तर मराठी, आणि तेही जाळ्यावरची नजर न काढता. त्या गावात मालवणी असे उत्तर मला कुणीही दिले नाही. ती बोलायची गोष्ट होती. सरकारी कागदावर लिहून द्यायची गोष्ट आहे असे कुणाला वाटले नाही. 2001 च्या जनगणनेच्या तक्त्यात देशभरात मिळून मालवणी सांगणारे पन्नास हजारांच्याही आत होते, आणि त्याच वर्षी एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 8 लाख 68 हजारांच्या वर होती. हा फरक कसा पडतो, ते मी ओट्याओट्यांवर बसून पाहिले आहे.

अकराव्या प्रश्नाला ओटीवरची हवा बदलत असे. हिंदी सगळ्यांनाच येत असे, निदान पुरुषांना. इंग्रजीला मात्र कर्ता थोडा थांबे. स्वतःच्या नावापुढे तो सहसा इंग्रजी लिहू देत नसे, मुलाच्या नावापुढे आग्रहाने लिहायला लावी, कारण मुलगा बारावी झालेला असे. बायकोसाठी आणि सुनेसाठी उत्तर एका शब्दात उरकले जाई. एका घरी सासऱ्यांनी सुनेबद्दल "तिका काय, मराठी फकस्त" असे सांगितले आणि मी पुढच्या नावाकडे वळले. निघताना सून बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या फाटकापर्यंत सोडायला आली. बेळगावकडची होती, आई तिच्याशी कानडीत बोलत असे, कॉलेज तिचे इंग्रजीतून झाले होते. तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, चुकलेला पत्ता दुरुस्त करून द्यावा तसे सांगितले. कुंपणाच्या गडग्यावर फॉर्म ठेवून मी ती ओळ नीट केली. सासऱ्यांनी लपवले असे मला वाटत नाही. सुनेच्या तोंडी कोणकोणत्या भाषा आहेत, हे त्या घरात कधी लागलेच नव्हते.

एका मुस्लिम घरी मोठ्या मुलाने सगळ्यांची मातृभाषा उर्दू सांगितली. तो मुंबईत उर्दू माध्यमात शिकलेला, रोजचे वर्तमानपत्र उर्दू वाचणारा, अक्षर मोत्यासारखे. तो सांगत असतानाच आतून त्याच्या आजीचा आवाज आला, कोण आले आहे, चहा टाकला का, कोंबड्या झाकल्या का. आणि ती बोली, थोडा हेल सोडला, तर माझ्या आजीच्या बोलीपासून वेगळी काढता आली नसती. पुस्तिकेने मला सांगितले होते ते मी केले, उर्दू लिहिले. ते खोटे होते असे मला तेव्हाही वाटले नाही. जी भाषा त्याने कष्टाने कमावली, जिच्यात तो प्रार्थनेचा अर्थ वाचतो, ती त्याला आपली म्हणावीशी वाटली. आम्हीही तेच करत होतो. शाळेत शिकलेली, पुस्तकात छापलेली मराठी आम्हाला आपली म्हणावीशी वाटत होती, आणि आजी दोन्ही घरांत आत चुलीपाशी होती.

त्या कामातली जी गोष्ट आक्काच्या फोनने पुन्हा वर आणली, ती मात्र गावाच्या टोकाला, एका मोठ्या बागायतदाराच्या कलमांमध्ये घडली. आमच्याकडे हापूसची राखण गेली कित्येक वर्षे नेपाळी माणसे करतात. बागेतच त्यांची खोप असते, बायकामुले बरोबर असतात, आणि ज्या शाळांत गावची मुले उरलेली नाहीत त्या शाळांचा पट त्यांच्या मुलांनी धरून ठेवला आहे. त्या खोपीतला मुलगा माझ्याच शाळेत तिसरीला होता. बाप फवारणीला गेला होता, म्हणून उत्तरे द्यायला आई आणि मुलगा. आई दाराशी उकिडवी बसून ताटात तांदूळ निवडत होती, डोक्याला फडके, हाताला रंग उडालेल्या प्लास्टिकच्या बांगड्या. मी मराठीत विचारी, मुलगा नेपाळीत आईला सांगे, ती उत्तर देई, आणि मुलगा ते मला मालवणीत देई. नऊ वर्षांचा तो पोर तीन भाषांतून ज्या सहजतेने जात-येत होता, ते पाहून मला शाळेतल्या त्याच्या शुद्धलेखनाच्या वहीवर मारलेल्या लाल रेघा आठवल्या. इतर भाषांचा प्रश्न आला. मी त्यालाच विचारले, "आईला मराठी येते का रे?" त्याने आईकडे बघितलेही नाही. "तिका येना नाय, बाई." तांदळातला खडा बोटाने बाजूला सारत ती खाली मान घालूनच म्हणाली, "येता. थोडा थोडा येता." आणि हसली. मुलगा लाजला. मग तिने आपल्याला काय काय समजते ते मला सांगितले: दुकानातला हिशेब, नर्सबाईंचे बोलणे, बागवाल्याच्या शिव्या. मी हिंदीपाठोपाठ मराठी लिहिले. 'थोडा थोडा' लिहायला जागा नव्हती.

नऊ वर्षांच्या त्या मुलाने आणि एडिसनच्या माझ्या भाच्याने केले ते एकच. आईची भाषा किती, हे मुलाने ठरवले, आणि तेही तिच्या काळजीपोटी. दवाखान्यात, बँकेत, शाळेत आईचे तोंड होऊन तोच बोलतो, त्यामुळे आईला स्वतःला किती बोलता येते हे पाहण्याची वेळ त्याच्यावर येतच नाही. जिथे जिथे ती अडते तिथे तो असतो, आणि जिथे ती अडत नाही तिथे तो नसतो. तिचे इंग्रजी किंवा मराठी किती, याबद्दल त्याच्याइतका खात्रीने बोलणारा आणि त्याच्याइतका चुकीच्या जागी उभा असलेला दुसरा साक्षीदार सापडणार नाही. ज्याचे बोलणे त्याला सोडून बाकी सगळ्यांना त्याविषयी विचारले जाते, हे मला त्या खोपीच्या दारात दिसले होते; तेव्हा मी ते पुढच्या घरी जायच्या घाईत ओलांडून गेले.

भाच्याने मला नंतर त्या सर्वेक्षणाच्या तक्त्याचे पान पाठवले. हिंदी, गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू यांना तिथे आपापली ओळ आहे. मराठीची ओळ आहे ती अशी: 'नेपाळी, मराठी किंवा इतर इंडिक भाषा'. तिकडच्या मराठी मंडळींना हे खुपते असे भाचा म्हणाला. मला का कोण जाणे, ते वाचून बरे वाटले. बागेचा मालक आणि बागेचा राखणदार सातासमुद्रापलीकडे एका ओळीत बसले आहेत, आणि त्या ओळीत नाव आधी राखणदाराचे आहे.

इथल्या इंग्रजीची गोष्ट याहून घाईची आहे. पहाटे धुक्यातून इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या घाटीवरून उतरतात आणि वाडीवाडीतून टाय लावलेली मुले उचलतात. मुलाला गाडीपर्यंत आणणारी आई त्याच्याशी जे बोलते ते कान देऊन ऐकण्यासारखे असते: "बाबू, वॉटर पिलंस? हँड वॉश करून मगे टिफिन खा हां. डॉगीक हात लाव नको." व्याकरण सगळे मालवणी, नामे सगळी इंग्रजी. सुशिक्षित लोक या बोलण्याला हसतात. मला हसू येत नाही. त्या आईने दिवसभर मासळी विकून किंवा काजूच्या कारखान्यात बिया सोलून फी भरलेली असते, आणि घरात इंग्रजी बोला असे शाळेने पालकसभेत सांगितल्यावर तिच्याकडे होते नव्हते ते सगळे इंग्रजी तिने मुलाच्या पुढ्यात ठेवलेले असते. आमच्या सरकारी शाळांतही 2000 सालापासून पहिलीला इंग्रजी सुरू झाले. ते शिकवणाऱ्या आम्ही, ज्यांचे स्वतःचे इंग्रजी पाचवीत सुरू झाले होते, मुलांबरोबरच ती बालगीते हातवारे करून पाठ करत होतो. पुढे सेमी-इंग्रजी आले, पट टिकवण्यासाठी. दहावीच्या निकालात कोकण मंडळ पहिले येते याचा आम्हाला रास्त अभिमान असतो, आणि इंग्रजीत उत्तम गुण मिळवलेली मुलगी कुणकेश्वरला आलेल्या परदेशी पाहुण्याने रस्ता विचारला तर मैत्रिणीच्या मागे लपते, हेही खरे असते. इथे रोजच्या व्यवहारातली दुसरी भाषा इंग्रजी नाहीच, ती हिंदी आहे. पुण्याहून आलेल्या कुटुंबाशी आमचा होडीवाला हिंदीत बोलतो, ते कुटुंबही त्याला हिंदीत उत्तर देते, आणि भरतीच्या लाटेने होडी हलली की दोन्हीकडून एकदम मराठी बाहेर पडते.

देशाचा आकडा पाहिला तर 2011 मध्ये इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे 2 लाख 60 हजारांच्या आतच होते, पण दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून ती सांगणारे धरले तर बेरीज 13 कोटींच्या आसपास जाते. त्या 13 कोटींत किती मुलांची नावे बापांनी कौतुकाने घातली आणि किती सुनांची सासऱ्यांनी गाळली, याचा मला अंदाज करता येतो, कारण त्या बेरजेतली काही नावे माझ्या हातची आहेत. आमच्याकडे 'किती चांगले' हा प्रश्नच नाही. येते किंवा येत नाही. अमेरिकन फॉर्ममध्ये निदान चार पायऱ्या आहेत.

पण चार पायऱ्यांनी तरी काय होते? आमच्या वाडीत एक काका होते, आयुष्य बोटीवर काढलेले, शाळा सातवीपर्यंत. मोठ्या मालवाहू जहाजावर ते सुकाणी होते. अधिकारी सुकाणूचा हुकूम इंग्रजीत देतो, सुकाण्याने तो जसाच्या तसा मोठ्याने परत म्हणायचा, सुकाणू वळवायचे, आणि जहाज तेवढे वळले की तेही मोठ्याने सांगायचे. जगातल्या सगळ्या बंदरांत हीच रीत. एखादा शब्द चुकला तर हजारो टनांचे जहाज भलतीकडे जाईल. काकांनी ते इंग्रजी वर्षानुवर्षे निर्धोक बोलले. निवृत्त झाल्यावर संध्याकाळी ओट्यावर बसून ते आम्हा मुलांना ते हुकूम म्हणून दाखवत, छाती भरून, समुद्राच्या वाऱ्यावर ऐकू जावे अशा आवाजात, आणि प्रत्येक हुकुमानंतर दोन्ही हातांनी हवेतले चाक फिरवत. तेच काका तालुक्याच्या बँकेत इंग्रजी अर्जापुढे बसले, की घाम पुसत आणि अर्ज माझ्या वडिलांकडे सरकवत. त्यांच्या नावापुढे कोणती खूण करावी? घरात विचारले असते तर काकींनी सांगितले असते, "त्येंका खंयचा इंग्लिश!"

आता जनगणना पुन्हा येते आहे. 2021 ची लांबली. 1 मार्च 2027 ही तिची संदर्भतारीख आहे, प्रत्यक्ष गणना फेब्रुवारीत, आणि या वेळी घरबसल्या मोबाइलवर स्वतःच माहिती भरण्याची सोय आहे. स्वगणना हे तिचे नाव, पण मोबाइल ज्याच्या हातात तोच घरातल्या सगळ्यांची भरणार, म्हणजे आता ओटीवरचा कर्ता जाऊन त्याच्या जागी नातू येणार. मी निवृत्त आहे, मला फिरायचे नाही, पण उत्तर तर द्यायचे आहे. मी दादाला सांगितले, की या वेळी मी मातृभाषा मालवणी सांगणार. आई आमच्याशी मालवणीशिवाय दुसरे काही बोललीच नाही, आणि पुस्तिकेतली व्याख्या तेच विचारते. दादा मंत्रालयातून निवृत्त झालेला. त्याला तक्ते ठाऊक आहेत. तो म्हणाला, "तू मालवणी सांगितलीस तर तुझी गणती मराठीत होणारच नाही. ती कोकणीत जाते." हे खरे आहे. 2011 मध्ये लोकांनी सांगितलेल्या भाषांची मूळ नावे 19,569 होती. छाननी करून त्यांतून 1,369 मातृभाषा निघाल्या आणि शेवटी त्यांच्या 121 भाषा केल्या गेल्या. त्या गाळणीत मालवणी कोकणी या शीर्षकाखाली येते. ही वाटणी जुनीच आहे. ग्रीअर्सन या इंग्रज अमदानीतल्या अधिकाऱ्याच्या भाषासर्वेक्षणाच्या 1905 सालच्या सातव्या खंडात गावोगावच्या बोलींत बायबलातली उधळ्या मुलाची एकच गोष्ट सांगून घेतलेली आहे, आणि त्यात आमच्या बाजूची कुडाळी कोकणीकडे आणि रत्नागिरीची संगमेश्वरी मराठीकडे गेली आहे.

"मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आणि आता तूच एक माणूस कमी करणार," दादा म्हणाला. तो अर्धा चेष्टेत होता. मी मराठी शिकवून पोट भरले आहे, हा लेखही मराठीत लिहिते आहे. मालवणीत तो मला लिहिता आला नसता, कारण मालवणीत मी कधी परिच्छेद पाडलेले नाहीत. तरीही इतर भाषांच्या प्रश्नात मराठी पहिली लिहीनच, असा तोडगा मी काढला. मग दुसऱ्या जागेवर हिंदी की इंग्रजी? जी जास्त चांगली येते ती आधी, असा नियम आहे. इतकी वर्षे पहिलीला इंग्रजी शिकवून जर मी हिंदी लिहिली, तर ते खरे होईल, आणि माझ्या जुन्या मुख्याध्यापकांना कळले तर त्यांना वाईट वाटेल. यावर दादा आणि मी बराच वेळ वाद घातला, सगळा मालवणीत.

आक्काला हे सगळे फोनवर सांगितले तेव्हा तिला माझ्या भाषांशी काही कर्तव्य नव्हते. फेब्रुवारीत ती देवगडला असणार आहे, कलमांवर औषध मारायचे दिवस ते. तिने मला एवढेच बजावले, की प्रगणक आला तर त्याला तिच्या घरी सकाळी पाठवू नको, सकाळी ती कलमांत असते. दुपारी जेवणानंतर पाठव. आणि ती झोपली असेल, तर गड्याला विचारून लिहू नको म्हणून सांग.